आधी उतरवा, मग मोजा, मगच सोडा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या काकूंनी नवा लॅपटॉप घेतला. काकू निवृत्त शिक्षिका. जुना लॅपटॉप त्यांना कामाच्या मावशींच्या मुलीला द्यायचा होता. जेवणाच्या टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी-शेजारी ठेवलेले. मी नव्यावर प्रिंटर जोडत होतो, काकू जुन्यावर बसल्या होत्या. "नव्यात सगळं आलंय ना, मग यातलं काढून टाकते," म्हणत त्यांनी फोटोंचं अख्खं फोल्डर निवडलं आणि डिलीटचं बटण दाबलं.

माझ्यासमोर नव्या लॅपटॉपवर तेच फोल्डर उघडं होतं. त्यातले फोटो एकेका ओळीनं नाहीसे व्हायला लागले. खाली फाइलींचा आकडा भराभर उतरत होता. नातवाचं बारसं गेलं, काकांची एकसष्टी गेली, शाळेचा निरोप समारंभ गेला. मी आधी घराचं वाय-फाय बंद केलं, मग काकूंना पाणी आणून दिलं. पुढे तासाभरात त्या क्लाउड सेवेच्या वेबसाइटवरच्या कचरापेटीतून सगळे फोटो परत आणता आले, कारण ते पुसून तासच झाला होता. हीच गोष्ट दोन महिन्यांनी लक्षात आली असती तर हाती काही लागलं नसतं.

त्या दोन लॅपटॉपवर फोटोंच्या दोन प्रती आहेत असं काकूंना वाटत होतं. प्रत्यक्षात त्या एकाच खोलीच्या दोन खिडक्या होत्या. एका खिडकीतून हात घालून सामान काढलं, तर दुसऱ्या खिडकीतून ते कसं दिसेल? क्लाउडचं हे वागणं ज्याला नीट कळलं, त्याचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम सावकाशीचं आणि क्रमाचं आहे. या लेखात तो क्रमच सांगायचा आहे.

हा प्रश्न आत्ताच का?

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. वैयक्तिक वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट वर्षभर वाढवून मिळण्याची सोय आहे, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ नंतरचा लागतो. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य जुने कॉम्प्युटर अपडेट होऊ शकत नाहीत आणि लोक नवे घेताहेत. नाशिकच्या एमजी रोडवर नाहीतर कॉलेज रोडवर दुकानदार नवा लॅपटॉप सुरू करून देतो, त्या दहा मिनिटांत मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं जातं आणि बहुतेक वेळा वनड्राइव्हचा बॅकअपही चालू होतो. ग्राहकाला त्याची कल्पनाच नसते.

मोफत जागा मात्र मोजकी असते. वनड्राइव्ह ५ जीबी देतं, आयक्लाउडही ५ जीबी. गूगल १५ जीबी देतं, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघे वाटेकरी आहेत. गूगल फोटोंची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा भरली की भाडं सुरू होतं, आणि हे भाडं जन्मभराचं.

पैशापेक्षाही ताबा कोणाकडे, हा प्रश्न मोठा आहे. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेल कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर अचानक थांबल्या. पैसे भरलेले असूनही स्वतःच्याच ई-मेलपर्यंत आणि माहितीपर्यंत पोहोचता येईना, म्हणून कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील उभा करता आला. खातं बंद पडलं, पासवर्ड हरवला किंवा ज्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो तो नंबरच गेला, तर तुमच्या-माझ्यासारख्याला ती वाट नसते.

त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांचं नाव निघतं. त्या वह्या टिकल्या, कारण त्या घरात आहेत, त्यांची मांडणी ठरलेली आहे आणि कोणती वही कुठे आहे हे घरच्यांना माहीत आहे. आपल्या फाइलींना याच तीन गोष्टी हव्यात.

पहिलं पाऊल: यादी

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एक वही घ्या. आपला माल कुठे-कुठे पडलाय ते लिहून काढा. बहुतेकांच्या यादीत हे निघतं: कॉम्प्युटरवरचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स, वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटो, तेही कधीकधी दोन-तीन खात्यांवर, आयफोन असेल तर आयक्लाउड, व्हॉट्सॲपचा बॅकअप, ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, टॅलीचा डेटा, आउटलुकमधल्या मेल.

घरात कोणी विद्यार्थी किंवा प्राध्यापक असेल तर कॉलेजच्या खात्याची वेगळी ओळ लिहा. शिक्षणसंस्थांना गूगल पूर्वी अमर्याद जागा देत होतं, ती सवलत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर अनेक संस्था माजी विद्यार्थ्यांची खाती बंद करतात. प्रबंध, प्रकल्प, गॅदरिंगचे व्हिडिओ तिथे असतील तर सगळ्यात आधी तेच उतरवा.

प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहा: कोणतं खातं, कोणता मोबाइल नंबर जोडलेला, किती जीबी आणि पैसे भरतोय का. ही वही पुढे घरातल्या दुसऱ्या माणसालाही उपयोगी पडते. पासवर्ड मात्र त्याच पानावर लिहू नका.

दुसरं पाऊल: जागा

एकूण जीबीची बेरीज करा आणि तिच्या दुप्पट जागेची बाहेरची हार्डडिस्क घ्या. बेरीज ३०० जीबी आली तर १ टीबीची डिस्क पुरेल. एक नाही, दोन घ्या. दुसरी कशाला, ते पुढे येईलच. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, पण वर्षानुवर्षं जपून ठेवायचं साधन म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला हवी असेल तर ती 'एक्सफॅट' पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. जुन्या 'फॅट ३२' पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ बहुधा त्याहून मोठा असतो. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून हे काम डिस्क कोरी असतानाच करा.

वेळेचाही अंदाज घ्या. १०० एमबीपीएसचं इंटरनेट सलग पूर्ण वेगानं चाललं तरी १०० जीबी उतरायला सव्वादोन तास लागतात; प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरून चाला. देखभालीसाठी वीज बंद असण्याचा दिवस टाळा, लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि स्लीप मोड तात्पुरता बंद करा. हे काम एका संध्याकाळचं नाही. दोन-तीन रविवार द्या.

तिसरं पाऊल: उतरवणं

वनड्राइव्हपासून सुरुवात करू. फाइल एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट्स उघडा आणि वरच्या पट्टीतला पत्ता बघा. त्यात वनड्राइव्ह हा शब्द असेल, तर तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउडशी बांधलेलं आहे. आता फाइलींपुढची चिन्हं पाहा. निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, तिचं नुसतं नाव इथे आहे. पांढऱ्या गोलात हिरवी खूण असेल तर फाइल उतरलेली आहे, पण जागा कमी पडली तर विंडोज ती पुन्हा वर ढकलू शकतं. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे फाइल कायम इथे आहे.

वनड्राइव्हच्या मुख्य फोल्डरवर उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. मग थांबा. सगळे गोल भरीव हिरवे होईपर्यंत पुढे जाऊ नका.

खात्री करायची एक सोपी जागा आहे. त्याच फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे एकाखाली एक दोन आकडे दिसतात: 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क'. पहिला ४२ जीबी आणि दुसरा ३ जीबी दिसत असेल, तर ३९ जीबी माल अजून ढगातच आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे झाले की माल घरात आला. सगळं उतरलं असं समजून लोक इथेच फसतात, आणि ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे.

सगळं उतरल्यावर फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, कट करू नका. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून त्याच कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये माउसनं ओढून नेलं, तर फाइल 'हलवली' जाते आणि क्लाउडमधून पुसली जाते. म्हणून कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही एवढ्यावरच राहा.

गूगल ड्राइव्हची अडचण वेगळी आहे. समजा, दिंडोरीच्या एखाद्या द्राक्ष बागायतदारानं फवारणीच्या नोंदी गूगल शीट्समध्ये ठेवल्या आहेत: तारीख, औषध, प्रमाण, काढणीपूर्वीचे दिवस. निर्यातीच्या मालाला या नोंदींचं मोल पावतीइतकंच. त्यानं कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह फोल्डरमधून ती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली. नाव दिसतं, चिन्ह दिसतं, पण फाइलचा आकार जेमतेम १ केबी. कारण ती फाइल नाहीच, गूगलच्या सर्व्हरवरच्या शीटचा तो नुसता पत्ता आहे. खातं बंद झालं की पत्त्यावर घर नसेल. गूगलचे डॉक्स, शीट्स आणि स्लाइड्स वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या रूपातच उतरवून घ्यावे लागतात.

त्यासाठी 'गूगल टेकआउट' ही गूगलचीच सोय वापरा. तिथे ड्राइव्ह, फोटो, संपर्क, कॅलेंडर, मेल यांतलं जे हवं ते निवडता येतं, आणि डॉक्स-शीट्स आपोआप ऑफिसच्या फाइलींत बदलून मिळतात. एकेक गोष्ट वेगळी मागवा: आज ड्राइव्ह, पुढच्या रविवारी फोटो. झिपचा आकार १० जीबी ठेवा, म्हणजे मध्येच नेट गेलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार नाही. माल तयार व्हायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. मग मेलवर दुवा येतो आणि तो सुमारे आठवडाभरच चालतो. लग्नकार्याच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात मागणी करू नका.

दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली तुमच्या मालकीच्या नसतात. सोसायटीचे हिशेब माजी सचिवांच्या खात्यावर असतील, तर ते तुमच्या टेकआउटमध्ये येतील असं धरून चालू नका. त्या फाइली एकेक उघडून वेगळ्या उतरवा.

गूगल फोटोंबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, टेकआउटमध्ये फोटोंसोबत 'जेसन' नावाच्या छोट्या फाइली येतात. तारीख, ठिकाण, फोटोखाली तुम्ही लिहिलेला मजकूर त्यांत असतो. कचरा समजून त्या फेकू नका. दोन, 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर क्लाउडमध्ये फोटोची हलकी केलेली प्रत असते, मूळ प्रत फोनमध्येच असू शकते. म्हणून फोनही केबलनं जोडून त्यातले फोटो वेगळे काढा. तीन, गूगल फोटोंच्या ॲपमधून फोटो पुसला तर तो फोनमधूनही जातो. जागा करण्यासाठी घाईनं पुसापुशी करू नका.

आयफोनवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये लहान चित्रं राहतात आणि मूळ फोटो आयक्लाउडमध्ये असतात. जागा असेल तर 'डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स' निवडा आणि सगळे उतरल्यावरच कॉम्प्युटरवर घ्या. जागा नसेल तर ॲपलच्या डेटा-प्रायव्हसीच्या पानावरून प्रत मागवा.

डिजिलॉकरची काळजी नको. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी सेवेत आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका थेट देणाऱ्या खात्याकडून येतात आणि त्या पुन्हा मिळवता येतात. तुम्ही स्वतः स्कॅन करून तिथे चढवलेली कागदपत्रं मात्र उतरवून ठेवा.

मराठी फाइलींचं खास दुखणं

नाशिकमध्ये वकिलांची कार्यालयं, छापखाने, शाळा, पतसंस्था अशा अनेक ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या जुन्या पद्धतींत टाइप केलेला आहे. ही फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा सडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, तो फॉन्ट तिथे नसतो. क्लाउडनं फाइल जपली, फॉन्ट जपला नाही.

म्हणून जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर तीन कामं करा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले जुने मराठी फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, त्यामुळे मजकूर कुठेही वाचता येतो. आणि ज्या मजकुरावर पुढेही काम करायचं आहे, तो परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे चुका राहतात. सॉफ्टवेअरला डोंगल असेल तर त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ते बिनकामाचं म्हणून फेकलं जाईल.

टॅली वापरणाऱ्यांनी नुसतं फोल्डर कॉपी करून थांबू नये. टॅलीतूनच बॅकअप घ्यावा, तो नव्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून एका महिन्याचा ताळमेळ जुळवून पाहावा आणि जुन्या कॉम्प्युटरवरचा परवाना सरेंडर करावा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कॉम्प्युटर बदलला, हे कारण तिथे चालत नाही.

चौथं पाऊल: मोजणं

उतरवलेला माल मोजल्याशिवाय आपला म्हणू नका. कांद्याच्या लिलावात गाडी वजनकाट्यावर चढते ती दोनदा, भरलेली आणि रिकामी. इथेही तसंच. मूळ फोल्डर आणि डिस्कवरची प्रत, दोन्हींच्या 'प्रॉपर्टीज' उघडा आणि फाइलींची संख्या व एकूण आकार वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक दिसला तर आतल्या एकेका फोल्डरचे आकडे ताडून पाहा. गळती कुठे आहे ते सापडतं. फाइलींची नावं फार लांब असतील किंवा फोल्डरमध्ये फोल्डर खूप खोल असतील, तर काही फाइली कॉपी होताना मागे राहतात.

मग खरी परीक्षा. वाय-फाय बंद करा, डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा फाइली उघडून पाहा. सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात मोठा व्हिडिओ, घराच्या खरेदीखताची पीडीएफ, एक एक्सेल, एक मराठी पत्र. इंटरनेटशिवाय दहाच्या दहा उघडल्या तर प्रत पक्की. एक जरी अडली तरी मागच्या पावलावर परत जा.

पाचवं पाऊल: दुसरी प्रत, दुसऱ्या छपराखाली

पीटर क्रॉग या छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ चा नियम जगभर मानला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी. हा नियम नाशिककरांना वेगळा समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा दुतोंड्या मारुती बुडाला आणि सराफ बाजार, भांडी बाजाराच्या दुकानांत पाणी शिरलं. गल्ल्याखालच्या खणात हिशेबाची डिस्क असेल आणि दुसरी प्रत कुठेच नसेल, तर सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून दुसरी डिस्क. तिच्यावर तीच प्रत घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. इंदिरानगरच्या बहिणीकडे, पुण्याच्या मुलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. तिच्यात पॅन, आधार, मालमत्तेची कागदपत्रं असतील, तर डिस्कला पासवर्ड लावा. त्यासाठी 'व्हेराक्रिप्ट' हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून दूर ठेवा. तो हरवला तर डिस्क कोणीच उघडू शकणार नाही.

डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात. महिन्यातून एकदा जोडा, नवं भरा, काढून ठेवा. तारीख डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहा.

क्लाउड पूर्णपणे सोडायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. मोजक्या, अत्यंत महत्त्वाच्या कागदांची तिसरी प्रत मोफतच्या ५ जीबीत ठेवली तर पुरातही ती सुरक्षित राहते. पण ती तिसरी प्रत असावी. पहिली आणि एकुलती एक नसावी.

सहावं पाऊल: सोडणं

आता नव्या कॉम्प्युटरकडे वळा. वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप'खालचं 'मॅनेज बॅकअप' उघडा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांचे बॅकअप बंद करा. बंद केल्यावर कधीकधी डेस्कटॉप रिकामा दिसतो. घाबरू नका. फाइली वनड्राइव्ह फोल्डरच्या आतल्या डेस्कटॉप नावाच्या फोल्डरमध्ये असतात. त्या तिथून कॉपी करून मूळ जागी आणा. मग 'अनलिंक धिस पीसी' करा. दुवा तोडल्यावर उतरलेल्या फाइली कॉम्प्युटरवर राहतात. निळ्या ढगाच्या फाइली मात्र इथून दिसेनाशा होतात, म्हणून तिसऱ्या पावलावर एवढा जोर दिला.

जुन्या कॉम्प्युटरवरही आधी दुवा तोडा. दुवा तोडण्याआधी तिथलं काहीही पुसू नका. काकूंची चूक नेमकी हीच होती.

क्लाउडमधलं पुसणं सगळ्यात शेवटी, आणि तेही महिनाभर थांबून. त्या महिन्यात नव्या कॉम्प्युटरवर रोजचं काम करा. काही राहून गेलं असेल तर याच काळात आठवतं. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची जाते.

पैसे भरायचे थांबवण्याचाही क्रम आहे. आधी जागा रिकामी करा, मग वर्गणी बंद करा. उलट केलंत आणि गूगलवर १५ जीबीपेक्षा जास्त माल उरला, तर जीमेलवर येणाऱ्या मेलही थांबतात. बँकेची, विम्याची, मुलाच्या प्रवेशाची मेल परत जाते आणि तुम्हाला कळतही नाही. वर्गणी बंद केल्यावर यूपीआय ॲपमधलं किंवा कार्डावरचं ऑटोपेही रद्द करा.

खातं मात्र पुसू नका. सगळा माल काढला तरी मायक्रोसॉफ्टचं आणि गूगलचं खातं चालू ठेवा. त्याला एक मोठं कारण आहे: बिटलॉकर. अनेक नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवली जाते. उद्या मदरबोर्ड बदलला किंवा एखादं अपडेट अडलं, तर निळ्या पडद्यावर तीच किल्ली मागितली जाते. खात्यात जाऊन ती किल्ली आजच कागदावर उतरवा आणि घराच्या किल्ल्यांजवळ ठेवा. गूगल खात्यात दोन वर्षं कोणी फिरकलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून लॉगिन करत राहा.

जुन्या कॉम्प्युटरचा निरोप

दोन्ही प्रती मोजून झाल्या, महिना उलटला, की जुना कॉम्प्युटर द्यायला मोकळा. सेटिंग्जमधून 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि त्यात 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करा. नुसत्या फाइली पुसल्या तर त्या परत काढता येतात. ब्राउझरमधले पासवर्ड बाहेर काढून घेतले असतील, तर ती फाइल उघड्या मजकुराची असते. नव्या ठिकाणी भरून झाली की ती लगेच पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

कॉम्प्युटर बंदच पडला असेल तर भंगारात देण्याआधी त्याची हार्डडिस्क काढून घ्या. दुकानात केसिंग मिळतं, त्यात बसवली की ती यूएसबीनं जोडता येते आणि बहुतेक वेळा आतला माल वाचतो. जुनी डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर इथेही तीच ४८ अंकी किल्ली लागेल.

या सगळ्या कामात अनोळखी माणसाला मदतीला घेऊ नका. 'तुमचं क्लाउड खातं बंद होणार आहे' असा फोन किंवा मेसेज आला आणि समोरच्यानं स्क्रीन शेअर करायला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

काकूंकडे आता दोन डिस्क आहेत. एक त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात, दुसरी मुलाकडे पुण्याला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकू घरातली डिस्क जोडतात, नवे फोटो भरतात आणि वहीत आकडा लिहितात. मावशींच्या मुलीला जुना लॅपटॉप मिळाला. तो द्यायला पाच आठवडे लागले.

तुमच्याही घरात नवा कॉम्प्युटर येणार असेल, तर जुना बंद करण्याची घाई करू नका. तो चालू आहे तोवर सगळं सावरता येतं. आज एवढंच करा: डॉक्युमेंट्स उघडा, पत्त्याची पट्टी वाचा आणि निळे ढग किती आहेत ते मोजा.